मानेतली गाठ: टीबी, कॅन्सर की तिसरंच काही?

आजचा भाग छोटा आहे, पण कामाचा.

पंचविशीतली मुलगी. मानेला एका बाजूला दुखरी गाठ, अंगात ताप. आपल्याकडे घरात पहिला शब्द निघतो टीबी. दुसरा कुणी उच्चारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो: कॅन्सर. तिसरं नाव फार कमी लोकांनी ऐकलेलं असतं, किकुची-फुजिमोटो. १९७२ साली जपानमध्ये किकुची आणि फुजिमोटो या दोघांनी स्वतंत्रपणे हा आजार नोंदवला.

गाठ म्हणजे सुजलेली लिम्फ नोड, आपल्या प्रतिकारशक्तीची चौकी. ती काढून, पातळ काप करून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी.

किकुचीत मधेमधे मेलेल्या पेशींचे फिकट पट्टे दिसतात आणि त्यात फुटलेल्या केंद्रकांचा निळा चुरा. भोवती सफाई करणाऱ्या हिस्टिओसाइट पेशी, काहींचं केंद्रक चंद्रकोरीसारखं वाकलेलं. सीडी८ जातीच्या टी-पेशीही भरपूर.

आता खरी गंमत ऐका. एवढ्या पेशी मेल्यात म्हटल्यावर न्यूट्रोफिल धावून यायला हवेत, पू होतो तेव्हा येतात तसे. इथे ते जवळपास नसतातच! कोडमध्ये जी ओळ लॉगमध्ये यायलाच हवी होती ती आली नाही, की आपण तिथेच थांबतो ना? पॅथॉलॉजिस्टही तिथेच थांबतात.

टीबीत सहसा ग्रॅन्युलोमा दिसतात, मधे पनीरासारखा मेलेला भाग. किकुचीत ग्रॅन्युलोमा नसतात. पण मोठमोठ्या, जोमात असलेल्या लिम्फ पेशी असतात, आणि त्यामुळेच लिम्फोमाचा धोका वाटू शकतो.

फरक का महत्त्वाचा? टीबीची औषधं सहसा किमान सहा महिने चालतात. लिम्फोमा म्हटलं की किमोथेरपी. किकुची बहुतेकदा एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो, ताप-दुखण्यावरच्या गोळ्या पुरतात.

एक मात्र लक्षात ठेवा. ल्युपसमध्येही गाठ जवळजवळ अशीच दिसू शकते, आणि किकुचीनंतर काहींना पुढे ल्युपस होतो. म्हणून एएनएची रक्ततपासणी आणि बरं वाटल्यावरही डॉक्टरांकडे फेऱ्या, दोन्ही टाळू नका.

गाठ टिकून राहिली आणि सुईच्या तपासणीत उत्तर मिळालं नाही, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "बायोप्सी करायची का?" अंदाजावर महिनोन्‌महिने औषधं घेण्यापेक्षा हा प्रश्न बरा.