विद्यापीठाची भिंत आणि धसईचा कूड

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, धसईच्या परिसरात, आषाढातील पाऊस कोसळू लागला म्हणजे जुन्या घरांची परीक्षा सुरू होते. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचे लिंपण, उतरते छप्पर आणि पागोळ्या भिंतीपासून दूर टाकणारी वळचण, एवढीच त्यांची सामग्री. वैशाखात हेच घर गारवा देते. ते बांधणाऱ्याचे गुरू ऊन, वारा आणि पाऊस.

या गुरूंचा मान मुंबई विद्यापीठानेही एके काळी राखला होता. फोर्टमधील दीक्षान्त सभागृह १८७४ साली आणि ग्रंथालयासह राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. आराखडे करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईस कधी आले नाहीत. तथापि दगड वापरला तो जवळच्या कुर्ल्याचा, आणि ऊनपाऊस बाहेरच अडावा म्हणून कमानदार सज्जे योजिले. विजेचा पंखा नसतानाही तेथे अध्ययन चालले.

आज विद्यालयांच्या कित्येक नव्या वास्तूंना पश्चिमेच्या उन्हात काचेच्या भिंती असतात. मग आतील उष्मा घालविण्यास दिवसभर यंत्रे चालवावी लागतात. जगातील कर्बवायूच्या उत्सर्जनाचा सुमारे ८ टक्के भाग सिमेंटच्या निर्मितीतून येतो. पाण्याचाही हिशेब पाहावा. १००० चौरस मीटर छपरावर हंगामात २००० मिलिमीटर पाऊस पडला, तर २० लाख लिटर पाणी होते. ते गटारात सोडून मुंबई तहान भागविते ती मुरबाडशेजारच्या शहापूर तालुक्यातील तानसा-भातसा जलाशयांवर. आणि त्याच शहापुरातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

मग सर्वांनी कुडातच राहावे काय? मुळीच नाही. कुडास वाळवी लागते. दरसालचे लिंपण बहुधा स्त्रियांच्याच माथी येते. पक्क्या घराची इच्छा न्याय्यच होय. घ्यावयाचा तो कूड नव्हे, त्यामागील विवेक: जवळचे साहित्य, भिंतीवर सावली, वाऱ्यास वाट, पावसाच्या पाण्यास साठवण, आणि उभी असलेली वास्तू पाडण्याऐवजी तिची दुरुस्ती.

धसईची मुले शहरात शिकावयास जातात, तेव्हा तेथील इमारतही त्यांना मुकाट्याने शिकवीत असते. आजोबांचे घर म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असे ती शिकवील तर विद्यापीठ कर्तव्यास चुकले. तिच्या सज्ज्याखाली उभे राहून त्यांना घरची वळचण आठवली, तर ती वास्तू खरी विद्यावास्तू म्हणावी.