अश्मरी, माळवा आणि आघाततरंग

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. तीत दगड घाव सोसतो आणि माणूस घाव घालतो. परंतु दगड माणसाच्या देहातच असला, तर त्याच्यावर घालावयाचा घाव प्रथम देहालाच सोसावा लागतो. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे हा घाव देहावरून काढून केवळ दगडावर नेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. त्या इतिहासातील अलीकडचे प्रकरण म्हणजे आघाततरंगांची, अर्थात ‘शॉक वेव्ह’ची चिकित्सा. त्याचे एक मधले प्रकरण मात्र येथून पंचावन्न किलोमीटरांवर, इंदुरास लिहिले गेले. माळव्यात त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही, म्हणून आज ती येथे काढणे उचित ठरेल.

आपल्याकडे या व्याधीला अश्मरी, मुतखडा, पथरी अशी तीन नावे आहेत. संस्कृत ‘अश्मन्’ म्हणजे दगड, त्यावरून अश्मरी. पथरी हा शब्द माळव्यातील मराठी घरांत हिंदीच्या सहवासाने रुळला. पाश्चात्त्य वैद्यकातील ‘लिथोट्रिप्सी’ या शब्दाच्या मुळाशीही दगडच आहे: ग्रीक भाषेत ‘लिथोस’ म्हणजे दगड आणि ‘ट्रिप्सिस’ म्हणजे घासणे, चूर्ण करणे.

उज्जयिनीत वैद्यकाविषयी बोलताना विक्रमाच्या नवरत्नांतील धन्वंतरीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेत गुरू म्हणून येणारा दिवोदास धन्वंतरी हा मात्र काशीचा राजा. दोघांची गल्लत करण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीची लक्षणे व प्रकार आहेत आणि चिकित्सास्थानात शस्त्रकर्म आहे. मूत्राशयातील खडा बोटांनी खाली आणून, शिवणीच्या डाव्या बाजूस छेद घेऊन तो काढावा, असा तो विधी. या वर्णनातील दोन सूचना आजही विचार करावयास लावतात. पहिली अशी की, कर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयित, म्हणून वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊनच हात घालावा. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. खडा काढताना तो फुटू देऊ नये, त्याचा चुरा होऊ देऊ नये. कारण आत राहिलेला अल्पसा चुराही पुन्हा वाढतो. ही दुसरी सूचना आपण ध्यानात ठेवू. पुढच्या सर्व कथेचे सूत्र तीच आहे.

युरोपातही दीर्घकाळ शस्त्राने खडा काढण्याचाच मार्ग होता. १८२४ साली पॅरिसमध्ये सिव्हियाल या शल्यविशारदाने मूत्रमार्गातून चिमट्यासारखे उपकरण घालून जिवंत रुग्णाच्या मूत्राशयातील खडा आतल्या आत फोडून दाखविला. छेद टळला, परंतु चुरा बाहेर पडण्याचे काम निसर्गावर सोपविलेले असे. टोकदार तुकडे आत टोचत, अडकत, पुन्हा पुन्हा बैठका कराव्या लागत. १८७८ साली बोस्टनच्या बिगेलो यांनी भूल देऊन, एकाच बैठकीत खडा फोडून, रुंद नळी व रबरी फुग्याच्या साह्याने सगळा चुरा धुऊन बाहेर काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तिला ‘लिथोलॅपॅक्सी’ म्हणतात. नावातील दुसरा अंश रिकामे करणे या अर्थाचा आहे. सुश्रुताच्या आक्षेपाचे हे उत्तर होते.

तथापि हे उत्तर प्रौढांपुरते होते. लहान मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, मूत्राशय नाजूक. त्यांच्या बाबतीत शस्त्रानेच खडा काढावा, असा युरोपातील ग्रंथांचा निर्वाळा होता. आणि हिंदुस्थानात तर मूत्राशयाचा खडा हा मोठ्या प्रमाणावर गरिबांच्या मुलांचाच रोग होता. केवळ धान्यावर पोसलेल्या, दूधदुभते वा अन्य सकस आहार न मिळणाऱ्या बालकांत तो विशेष आढळे. लघवीच्या वेळी ओरडणारे, तळमळणारे मूल हे तेव्हाच्या दवाखान्यांतील नित्याचे दृश्य असे.

या वेळी इंदूरच्या रेसिडेन्सीत डेनिस फ्रान्सिस कीगन हे सर्जन होते. १८८० नंतरच्या दशकात त्यांनी मुलांच्या अरुंद मार्गातून जातील अशी बारीक उपकरणे वापरून बिगेलो यांची रीत बालरुग्णांवर योजिली आणि ती सुरक्षितपणे पार पडते हे एकामागून एक रुग्णांत दाखवून दिले. केवळ करून ते थांबले नाहीत. त्यांनी आपल्या रुग्णांचे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांतून छापले आणि १८८७ साली लंडनहून या विषयावर स्वतंत्र पुस्तक काढले. माळव्यातील अनाम मुलांच्या देहांवर सिद्ध झालेल्या या अनुभवाने विलायतेतील ग्रंथांचा निर्वाळा बदलला. ज्ञानाचा प्रवाह नेहमी पश्चिमेकडूनच इकडे आला असे समजणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. अर्थात हे उपकरण परदेशी होते, शल्यविशारदही परदेशी होते. परंतु प्रश्न येथला होता आणि उत्तरही येथेच सापडले.

पुढे आहार सुधारत गेला तसा मुलांच्या मूत्राशयातील खडा कमी झाला आणि प्रौढांच्या मूत्रपिंडातील, म्हणजे किडनीतील खड्यांचे प्रमाण वाढले. मूत्रपिंड खोल, पाठीच्या बाजूस. तेथे चिमटा पोहोचविणे सोपे नव्हे. त्यासाठी कुशीत लांब छेद घ्यावा लागे आणि महिनामहिना विश्रांती.

यावरचा उपाय वैद्यांच्या नव्हे, विमान बांधणाऱ्यांच्या कारखान्यात निघाला. जर्मनीतील डॉर्निए या विमान कंपनीत अतिवेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळल्याने काय हानी होते, याचा अभ्यास चालला होता. त्या वेगाने आदळलेला थेंब धातूत आघाताची लाट निर्माण करतो. १९६६ साली वेगवान गोळा पत्र्यावर आदळत असता एका कर्मचाऱ्याचा हात त्या पत्र्यास लागला आणि त्याला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले. पाहता वीज कोठेच नव्हती, असे सांगितले जाते. कातडीला इजा न करता ही लाट शरीरातून जाऊ शकते, ही जाणीव त्यातून झाली. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिक येथे ख्रिस्टियान शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा देहाला छेद न देता बाहेरून फोडला.

‘शॉक’ या शब्दाने आपल्याकडे पुष्कळ रुग्ण घाबरतात. म्हणून हे स्पष्ट केले पाहिजे की, या उपचारात रुग्णाच्या अंगातून वीज जात नाही. आघाततरंग ही दाबाची लाट आहे. क्षणाच्या अत्यल्प अंशात दाब एकदम चढतो आणि लगेच उतरतो. पहिल्या यंत्रात पाण्याखाली विजेची ठिणगी पाडीत. ती ठिणगी लंबवर्तुळाकार वाटीच्या एका नाभीवर असे; वाटीवरून परावर्तित झालेल्या लाटा दुसऱ्या नाभीवर एकवटत आणि नेमका तेथे खडा येईल असे रुग्णाला पाण्याच्या टाकीत ठेवीत. देहात पाण्याचाच अंश मोठा असल्याने लाट मांसातून फारशी न अडता पुढे जाते. खड्याशी मात्र तिला निराळे, कठीण द्रव्य भेटते. तेथे ती दाबते, मागच्या पृष्ठावरून परतताना ताणते, आणि भोवतीच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण करते. ते बुडबुडे फुटताना खड्यावर आणखी घाव बसतात. एका घावाने काम होत नाही. दोन-तीन हजार घाव लागतात. मिनिटाला एकशेवीसऐवजी साठ घाव दिले, तर खडा अधिक चांगला फुटतो, असेही अनुभवास आले आहे. नंतरच्या यंत्रांत पाण्याच्या टाकीची जागा पाण्याच्या उशीने व त्वचेवर लावावयाच्या जेलने घेतली. त्या जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तरी लाट अडते.

या यशानंतर आघाततरंग देहाच्या इतर भागांकडे वळले. पित्ताशयातील खड्यांवर १९८५ पासून त्यांचा प्रयोग झाला. पण पित्ताशय तेथेच राहत असल्याने खडे पुन्हा होत, आणि दुर्बिणीने पित्ताशयच काढण्याची शस्त्रक्रिया आल्यावर तो मार्ग मागे पडला. स्वादुपिंडाच्या नलिकेतील खड्यांवर मात्र तो उपयुक्त ठरला. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी या संस्थेने २०१० साली हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. टाचदुखी, खांद्याच्या स्नायुबंधातील चुन्याचे साठे, लवकर न जुळणारे हाड यांवरही हे तरंग वापरतात. येथे काही फोडावयाचे नसते; मर्यादित आघाताने ऊतींची दुरुस्ती जागी करावयाची असते. आणि सर्वांत नवा उपयोग हृदयाच्या रोहिणीत: चुन्याने कठीण झालेल्या रोहिणीत फुगा नेऊन, त्यातील द्रवात ठिणगी पाडून तो चुना तडकवायचा व मग स्टेंट बसवायचा. अमेरिकेत हृदयाच्या रोहिण्यांसाठी या रीतीस २०२१ साली मान्यता मिळाली.

परंतु प्रत्येक उपयोगी वस्तूभोवती बाजार उभा राहतो. ‘शॉक वेव्ह’ या नावाखाली सांधेदुखीपासून पौरुषापर्यंत सर्व काही बरे करण्याच्या जाहिराती दिसतात. त्यांतील कित्येक यंत्रे खरा आघाततरंग निर्माणही करीत नाहीत. ती साधी दाबाची लाट देतात. टाचेसारख्या दुखण्यात तिचा काही उपयोग असेलही, पण नाव एक म्हणून गुण एक, असे मानणे योग्य नव्हे. पैसे मोजण्यापूर्वी हा उपचार याच दुखण्यावर सिद्ध झाला आहे काय, एवढा एक प्रश्न विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे.

मुतखड्यातही हा उपचार सर्वांना चालत नाही. गरोदर स्त्रीला तो वर्ज्य आहे. रक्त न गोठण्याचा दोष असल्यास, मूत्रात जंतुसंसर्ग असल्यास तो आधी आवरावा लागतो. दोन सेंटिमीटरहून मोठा वा फार कठीण खडा असेल, तर पाठीतून छिद्र पाडून वा मूत्रमार्गातून दुर्बीण नेऊन लेझरने तो काढणे अधिक श्रेयस्कर ठरते. या नव्या रीतींमुळे आघाततरंगांचा वापर आता पूर्वीइतका राहिलेला नाही.

आता पुन्हा सुश्रुताच्या दुसऱ्या सूचनेकडे वळू. यंत्राने खडा फोडला म्हणजे उपचार संपला, असे रुग्णाला वाटते. कळ थांबते, माणूस कामाला लागतो. पण चुरा मूत्रावाटे बाहेर पडावयाचा असतो, आणि कधी कधी तुकड्यांची रांग मूत्रवाहिनीत अडकते. जर्मन डॉक्टर तिला ‘दगडांचा रस्ता’ म्हणतात. ही अडवणूक प्रत्येक वेळी दुखतेच असे नाही. न दुखता महिनोन्‌महिने मूत्र तुंबून राहिले, तर मूत्रपिंड निकामी होते आणि ते परत मिळत नाही. कुटुंबातला कर्ता पुरुष किंवा घर सांभाळणारी बाई, ‘आता दुखत नाही’ म्हणून पुढची तपासणी टाळते, तेव्हा पणाला लागते ते एक संपूर्ण मूत्रपिंड. फोडणे हे अर्धेच काम. चुरा बाहेर गेला की नाही, हे सोनोग्राफीने वा एक्स-रेने पाहणे हे उरलेले अर्धे. आणि माळव्याच्या उन्हाळ्यात भरपूर पाणी पिणे, हा पुन्हा खडा न होण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्याचे प्रमाण वैद्यांना विचारून ठरवावे, एवढेच.

राजाची अनुज्ञा घ्यावी, असे सुश्रुताने सांगितले. आज राजा नाही. अनुज्ञा रुग्णाने स्वतः द्यावयाची असते आणि त्यासाठी त्याला समजले पाहिजे. ते समजावून देण्याचे काम दवाखान्याइतकेच वाचनालयाचेही आहे. इंदूरच्या त्या दवाखान्यात बऱ्या झालेल्या मुलांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पण त्यांचे वृत्तांत लिहिले गेले, छापले गेले, दूरच्या देशांत वाचले गेले. म्हणून इतर मुलांचा छेद टळला. लिहिलेले जपणारी आणि वाचणाऱ्याच्या हाती देणारी संस्था शंभर वर्षे टिकते, तेव्हा किती जणांचे कोणते घाव टळले, याची मोजदाद होत नाही. ते टळलेले असतात, एवढे खरे.