शेवटच्या ओळीतलं ‘ऑलरेडी’

शेतात असाल, चुलीपुढे असाल, हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द तुमच्या ओळखीचाच आहे, ‘ऑलरेडी’. “मी ऑलरेडी जेवले”, “एसटी ऑलरेडी गेली” असं आपण सहज म्हणतो. पण हाच शब्द मोबाईलवर लिहून आला की नजरेतून सुटतो. सुटला की काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे.

भातलावणीचे दिवस होते. आमच्या गटातल्या एका ताईंना बँकेचा मेसेज आला, सगळा इंग्रजीत. त्यांनी फोन आमच्या हातात दिला. आम्ही रक्कम वाचली, तारीख वाचली आणि म्हणालो, “हप्ता बाकी दिसतोय, बँकेत जाऊन या.” ताई म्हणाल्या, “अहो, परवाच भरला की!” तरी आम्ही त्यांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी सावडीच्या बायका त्यांच्याच खाचरात लावणीला उतरल्या आणि ताई मात्र भर पावसात वेल्ह्याला गेल्या. तिथं कळलं, पैसे जमा आहेत. मेसेजच्या शेवटी लिहिलेलंच होतं, “प्लीज इग्नोर इफ ऑलरेडी पेड.” म्हणजे, आधीच भरले असतील तर याकडे लक्ष देऊ नका. ती ओळ आम्ही वाचलीच नव्हती. ताईंचा ऐन लावणीतला दिवस आमच्यामुळे गेला, हे आम्ही बैठकीत सगळ्यांसमोर कबूल केलं.

तर ऑलरेडी म्हणजे ‘आधीच’, ‘याआधी’, ‘एव्हाना’. आपली म्हण आहे ना, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, त्यातलं ‘आधीच’ ते हेच. मुळात ‘ऑल’ आणि ‘रेडी’ हे दोन शब्द जुळून हा एक झाला. आजही ते सुटे लिहिले तर अर्थ बदलतो : ‘सगळे तयार’.

याच्या शेजारचे दोन शब्दही ओळखून ठेवा. “नॉट येट पेड” म्हणजे अजून भरले नाहीत. “स्टिल ड्यू” म्हणजे अजूनही बाकी आहेत. मराठीत आपण “अजून आली नाही” म्हणतो आणि “अजून इथंच आहे” असंही म्हणतो. एकाच ‘अजून’साठी इंग्रजीत दोन शब्द, म्हणून आपला घोळ होतो. साधी खूण सांगतो. ऑलरेडी म्हणजे काम झालेलं. नॉट येट म्हणजे काम राहिलेलं. स्टिल म्हणजे होतं तसंच चालू.

आता एक मेख आहे. ऑलरेडीच्या आधी ‘इफ’ असेल, तर बँक “तुम्ही भरलेत” असं सांगत नसते. ‘इफ’ म्हणजे ‘जर’. “भरले असतील तर” एवढंच ती म्हणते. भरले की नाही, हे आपल्यालाच बघायचं असतं. ते कुठं बघायचं? भरल्याच्या पावतीत, पासबुकात, गटाच्या वहीत. बचतगटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला हिशेब लिहिणं आहे, ते यासाठीच. त्या दिवशी ताईंची पावती घरातच होती. ती बघायला मागितली असती, तर इंग्रजी न येताही उत्तर मिळालं असतं.

आणखी एक. हप्त्याच्या नावाखाली एखादी लिंक आली, कुणी ओटीपी मागितला, तर काही दाबू नका, काही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

आता आमच्या बैठकीत कुणाचाही मेसेज आधी शेवटच्या ओळीपासून वाचतात. ही सवय त्या ताईंनीच लावली. तुम्हीही लावून घ्या. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.