छोटे रूळ आणि चावीवाला

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी नाटक, गाणे, व्याख्यान हे सारे ओघाने आलेच. परंतु मंडळाने आम्हा चौघा हौशी सभासदांना सभागृहाचा एक कोपरा आगगाडीसाठी दिला, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. आमच्या हौसेचा उगमही तेथलाच. मात्र आपण स्थानक कोणते करावयाचे, यावर आमच्यात बरेच दिवस वाद चालला. कोणाला बोरीबंदर हवे होते, कोणाला लोणावळा. अखेर निवड झाली ती तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान असलेल्या पापनाशम् या लहानशा स्थानकाची.

आमच्यापैकी एकाचे ते आजोळ. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले. ते राज्य १८५५ मध्ये संपले, परंतु राजांबरोबर व त्यांच्यामागून तेथे गेलेल्या कुटुंबांच्या घरातील मराठी संपली नाही. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याआत मराठी, असा त्यांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. परमुलखात घर करून भाषा जपण्याच्या बाबतीत ही मंडळी आपल्याहून तीन शतकांनी वडील आहेत. या महोत्सवात त्यांची आठवण व्हावी, हा आमचा हेतू.

आता थोडे मापांविषयी. आम्ही घेतलेले प्रमाण एकास सत्याऐंशी. पापनाशमची जुनी गाडी मीटरगेजवरून, म्हणजे १,००० मिलिमीटर अंतराच्या रुळांवरून धावे. आमच्या टेबलावर हे अंतर १२ मिलिमीटर झाले. या शतकाच्या पहिल्या दशकात तो मार्ग ब्रॉडगेज झाला. त्या रुंदीचा आकडा १,६७६ मिलिमीटर! व्यंकोजीराजांच्या सनाशी तो जुळतो हा निव्वळ योगायोग, पण सभेत सांगण्याजोगा. आम्ही मात्र जुना काळच ठेवला आहे. पालैवननाथर मंदिरातील नायक राजवटीतले विटांचे धान्यकोठारही जवळ आणून बसविले आहे. भूगोलाची ही ओढाताण आपण क्षमा करावी.

इमारती उभ्या राहिल्यावर दिव्यांचा मोह आवरेना. या छंदातील इवल्याशा दिव्याला तांदळाच्या दाण्याची उपमा देतात. कावेरीच्या भातशेतीच्या मुलखाला ती शोभते. आम्ही त्याऐवजी एलईडी वापरले. बारा व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर प्रत्येक दिव्यामागे एक हजार ओहमचा रोधक जोडला की दिवा जळत नाही. पुठ्ठ्याच्या भिंतींतून उजेड झिरपू लागला, तेव्हा आतून काळा कागद लावला. प्रत्येक खिडकीत दिवा लावून आम्ही अभिमानाने मावशींना, म्हणजे आमच्या सहकाऱ्याच्या मावशींना, पाहावयास बोलाविले. त्यांचे बालपण पापनाशमास गेले आहे.

मावशी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे पापनाशम् नव्हे, ही तर दिवाळी! मास्तरांच्या खिडकीत एक आणि फाटकावर एक, एवढेच दिवे होते, तेही पिवळे." मग थोड्या थांबून त्यांनी विचारले, "आणि रुळावरून चालणारा माणूस कुठे आहे?"

आमच्याकडे इंजिन होते, डबे होते, प्रवासी होते, चावीवाला नव्हता. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकीत जाणारा हा माणूस रोज आपला टप्पा पायी तपासतो: जाताना एका रुळाकडे नजर, येताना दुसऱ्याकडे. त्याच्यामागे मुकादमाची टोळी असे. पहार, फावडे आणि खडी ठोकण्याचा बीटर ही तिची आयुधे. आज हेच काम मोठी यंत्रे करतात. त्यांचे पोलादी दात सेकंदाला ३५ वेळा कंप पावत स्लीपरखाली खडी दाबून बसवितात. परंतु यंत्र निघून गेल्यावरही रूळ पाहत चालणारा माणूस लागतोच. मीटरगेजवर रूळ तुटलेला आढळला, तर ८०० मीटर दूर जाऊन रुळावर इशाऱ्याचे फटाके बांधावयाचे असत. आमच्या प्रमाणात हे अंतर नऊ मीटरांहून अधिक भरते. टेबल तेवढे लांबच नाही!

माणसाचे महत्त्व आम्हांस लवकरच पटले. दमट हवेने लाकडी फळ्या फुगल्या, एका सांध्याशी रूळ केसभर उचलला गेला, आणि गाडी रोज सायंकाळी त्याच जागी घसरू लागली. दोष इंजिनाचा समजून आम्ही इंजिन दोनदा उघडले. शेवटी आपल्या बालवर्गातील दहा वर्षांच्या एका मुलीने सांध्यावरून बोट फिरविले आणि दोष दाखविला. तेव्हापासून गाडी सोडण्यापूर्वी प्रत्येक सांध्यावरून बोट फिरविण्याचे आणि रूळ पुसण्याचे काम तिच्याकडे आहे. तिच्या होकाराशिवाय गाडी सुटत नाही.

या स्मरणिकेत आजवरच्या अध्यक्षांची छायाचित्रे आहेत, आणि ती असावयासच हवीत. पण पन्नास वर्षे ज्यांनी सतरंज्या घातल्या आणि उचलल्या, वर्गणीची वही घेऊन घरोघर फिरले, कार्यक्रम संपल्यावर मागे थांबून कपबश्या धुतल्या, बालवर्गाला पाचच मुले आली तरी वर्ग भरविला, त्यांची छायाचित्रे कोणी काढली नाहीत. आपली गाडी घसरली नाही ती त्यांच्यामुळे. त्यांपैकी काहीजण आज मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी कृपा करून पुढे यावे व प्रथम त्यांनी ही रेल्वे पाहावी, अशी आमची विनंती आहे.

टेबलाशी आल्यावर फाटकाच्या अलीकडे खाली वाकून पाहावे. हातात हातोडा घेतलेला, जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा एक माणूस तेथे उभा आहे. जादा दिवे आम्ही काढून टाकले आहेत. उरलेले दोन आता मावशी लावतील. सभागृहातील दिवे मालवावेत.