पोटगीचा हुकूम आणि पोटगीचा पैसा

(धाराशिव जिल्ह्यातील पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



टाकलेल्या बाईचा प्रश्न म्हणजे घरगुती भांडण, ही समजूत पक्षाच्या शाखांतूनही अद्याप पुरती गेलेली नाही. शेतमजुराच्या मजुरीसाठी मोर्चा निघतो. त्याच मजुराने टाकलेल्या बायकोचा अर्ज न्यायालयात पडून राहिला, की तो तिच्या नशिबाचा भाग ठरतो. वस्तुतः दोन्ही प्रश्न श्रमाच्या मोबदल्याचेच आहेत.

या जिल्ह्यात त्याचा दाखला शोधावा लागत नाही. कळंब, वाशी, भूम या भागांतून दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल नवऱ्याच्या हाती पडते. मुकादमाच्या वहीत नावही त्याचेच. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढविणाऱ्या बाईच्या नावावर कोठेच काही लागत नाही. नवऱ्याने टाकले की ती अर्धा कोयता होते आणि तिचे काम सुटते. मग न्यायालय नवऱ्याचे उत्पन्न विचारते, तेव्हा तिच्यापाशी कागद नसतो. निम्मी मजुरी जिने कमावली, तिलाच ती सिद्ध करता येत नाही.

पोटगी ही नवऱ्याची मेहेरबानी नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 125 चा हक्क 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये कायम आहे. पत्नी, पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिता, औरस वा अनौरस अज्ञान मुले आणि वृद्ध आईबाप यांना तो आहे. बाई ज्या जिल्ह्यात राहते तेथेच तिला अर्ज करता येतो. नवऱ्याच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत व्हावा, असे कायदाच सांगतो. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये दोन्ही पक्षांना मिळकतीचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरविले. धडधाकट पुरुषाला ‘कामधंदा नाही’ एवढे म्हणून सुटता येत नाही.

असे असूनही गावोगाव निराळाच कायदा चालतो. चार प्रतिष्ठित बसतात, मुद्रांकावर फारकत लिहितात, बाईचा अंगठा घेतात. हिंदू विवाह कायदा 1955 चा. परस्परसंमतीचा घटस्फोट त्यात 1976 मध्ये आला. तोही न्यायालयाच्या हुकुमानेच होतो. जातीची रूढी कायद्याने राखली आहे खरी, पण ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. नुसत्या मुद्रांकाने लग्न मोडत नाही. पोटगीचा हक्क सोडल्याचे लेखनही न्यायालये लोकहिताविरुद्ध मानत आली आहेत. धोका मात्र आहेच: संमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला हे कलम पोटगी नाकारते, आणि तोच कागद नवरा पुढे करतो. म्हणून अंगठा उठण्यापूर्वी कार्यकर्ता तेथे पोचला पाहिजे.

दुसरे हत्यार मुलांचे. ‘पोटगी मागशील तर पोर घेऊन जाईन’ या धमकीपुढे कित्येक अर्ज मागे घेतले जातात. 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यान्वये पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशीच राहते. त्यापुढेही मुलाचे हित हीच कसोटी असते, बापाचा मालकी हक्क नव्हे. बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये मान्य केले. मुलाला भेटण्याचा बापाचा हक्क आणि मुलाच्या पोषणाची त्याची जबाबदारी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. एकीचा दुसरीशी सौदा होऊ शकत नाही. आईबापांनी आपसांत काहीही लिहून घेतले, तरी मुलाचे पोट त्या कागदाने बांधले जात नाही.

मुस्लिम भगिनींच्या बाबतीत कार्यकर्ते अजून बिचकतात. तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन हमीद दलवाई 1966 मध्ये मुंबईच्या सचिवालयावर गेले, त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. 1985 च्या शाहबानो निकालानंतर 1986 चा कायदा करून राज्यकर्त्यांनी माघार घेतली. मात्र जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 125 चा मार्ग मुस्लिम घटस्फोटितेलाही खुला असल्याचे निःसंदिग्ध सांगितले. गरीब स्त्रीची भूक धर्माप्रमाणे बदलत नाही, हाच त्याचा अर्थ.

खरी लढाई हुकुमानंतर सुरू होते. हुकूम हाती येतो, पैसा येत नाही. नवरा कारखान्यावर, नाहीतर पुण्याकडे निघून जातो. हुकूम देशात कोठेही अमलात आणता येतो. रक्कम थकल्यास जप्तीचे वॉरंट निघते आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही, हे 1989 मध्येच ठरले आहे. परंतु रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा लागतो. ही एक तारीख चुकल्यामुळे बाईच्या तोंडचा घास जातो. बाई रोजंदारी बुडवून तालुक्याला किती वेळा येणार?

येथेच संघटनेचे काम आहे. संगमनेरला 1988 मध्ये समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरविली, तेव्हा ‘टाकलेली’ म्हणून तोंड लपविणाऱ्या स्त्रिया हक्कदार म्हणून उभ्या राहिल्या. त्या धर्तीवर प्रत्येक शाखेने गावातील अशा स्त्रियांची नोंद ठेवावी. नवऱ्याचा सातबारा, आठ-अ, मुकादमाकडील उचलीची नोंद मिळवावी. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना व मुलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीपर्यंत बाईसोबत जावे. थकबाकीच्या तारखांची वही शाखेत असावी. आणि पक्षाचा सभासद स्वतःच पोटगी बुडवीत असेल, तर त्याला शाखेच्या बैठकीत जाब विचारावा.

समतेची भाषा चौकात बोलायची आणि घराच्या उंबऱ्याशी तिला थांबवायचे, हे समाजवाद्याला शोभत नाही. हुकुमाचा कागद आणि चुलीवरचा तवा यांमधले अंतर जो पक्ष तोडील, त्याच्याच पाठीशी उद्या या जिल्ह्यातील कष्टकरी स्त्री उभी राहील.