माती तपासा, पण सातबाराही तपासा

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

दोस्तांनो,

मी गोदीत ओझी वाहणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो. आजचा विषय आहे शेतीचं विज्ञान. कुणी म्हणेल, हमालाचा आणि शेतीशास्त्राचा काय संबंध? आहे. पोटॅश खत आपला देश जवळजवळ सगळं बाहेरून आणतो. ते बोटीतनं उतरतं आपल्यासारख्यांच्या घामावर. आणि तुमच्यापैकी कितीकांचे आजे-पणजे १९७२ च्या दुष्काळात जालना, अंबड, परतूर, भोकरदनकडनं मुंबईला आले. त्यांची शेती बुडाली नव्हती. त्यांना शेतीच नव्हती. म्हणून शेतीच्या विज्ञानावर बोलायचा पहिला हक्क आपला.

जालन्याहून संभाजीनगरला जाताना बदनापूर लागतं. तिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. काम कडधान्यांवर, त्यातही तुरीवर. तुरीला दोन मोठी दुखणी. एक मर. बुरशी मातीतच दबा धरून बसते आणि उभं झाड वाळवते. दुसरं वांझ. झाड हिरवंगार दिसतं, पण फूल नाय, शेंग नाय. ह्याच्यावर शास्त्रज्ञांची रीत ऐका. रोगट मातीतच पेरायचं, मरेल ते मरू द्यायचं, जगेल त्याचं बी पुढं न्यायचं. असं पिढ्यान् पिढ्या. रोगट मातीत टिकून राहणं म्हंजे काय, हे आपल्याला पुस्तकातनं शिकावं लागत नाही!

ह्या केंद्रातनं बीएसएमआर ७३६ आली, पुढं बीडीएन ७११ आली. ही ७११ सुमारे दीडशे दिवसांत हाताशी येते. त्यानं काय होतं? पाऊस सप्टेंबरअखेर पाय काढतो. काळ्या खोल रानात ओल टिकते. पण हलक्या मुरमाड रानात ती महिन्या-दीड महिन्यात उडते. लांब मुदतीची तूर ऐन शेंगा भरताना तहानेनं मरते. लवकर येणारी तूर तेवढ्यात निसटून जाते. वर तिच्या मुळांवर गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्याला पोतं लागत नाही. झडलेला पाला खत होतो. आणि हे सरळ वाण आहे. चांगल्या झाडांचं बी निवडून राखलं, तर पुढच्या जूनला दुकानदाराच्या पाया पडायला नको.

आता ह्याच जालन्यातली दुसरी गोष्ट. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली देशातला पहिला बीटी कापूस महिकोनं मोन्सॅन्टोबरोबर आणला. बोंडअळीला मारणारं विष झाडाच्याच अंगात. काही वर्षं फवारण्या कमी झाल्या, हे खरं आहे, नाकारायचं कारण नाही. पण शेंदरी बोंडअळी ते विष पचवायला शिकली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातला कापूस पोखरून गेली. आपल्याकडं बीटी आलं ते संकरित बियाण्यात. संकरिताचं बी राखून पेरलं तर पीक पहिल्यासारखं येत नाही. म्हंजे दर साली पाकीट विकत घ्या. आणि हे संकरित बी बनतं कसं? एकेका फुलातले पुंकेसर हातानं काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. दिवसभर, वाकून. शास्त्रज्ञाच्या वहीतला संकर शेवटी मजूर बायांच्या बोटांनी होतो. पाकिटावर त्यांचं नाव कुठाय?

तिसरी गोष्ट मातीची. जालना तालुक्यातल्या कडवंचीला खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं १९९६ पासून पाणलोटाचं काम केलं. समतल चर, बांध, नाल्यावर अडवण. माती जागेवर राहिली, पाणी मुरलं, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. काम नामी आहे. पण लक्षात ठेवा, जोतीराव फुल्यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हेच सांगितलं होतं. डोंगराचं सत्त्व पावसाबरोबर वाहून जातं, म्हणून ताली घाला, बंधारे घाला, फौजेला-पोलिसांना त्या कामाला लावा. शंभर वर्षांवर गेली तेव्हा कुठं ते शास्त्र ठरलं.

मात्र एक प्रश्न सुटत नाही. मुरलेलं पाणी वर येतं कुणाच्या विहिरीत? ज्याच्या नावावर विहीर, त्याच्या. चर खोदणाऱ्याला मजुरी मिळते, बागेत काम मिळतं. तेही पोटाला लागतं. पण पाणी मिळत नाही.

इथं गाडं अडतं ते सातबाऱ्यावर. मराठवाड्यातली आपली कितीतरी माणसं गायरान कसतात. दगड वेचून, मुरूम फोडून त्यांनी रान केलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अशी अतिक्रमणं नियमित करा, असा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. तरी पुष्कळांचा सातबारा झालाच नाही. २०११ साली सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग खटल्यातला निकाल आला, त्याच वर्षी १२ जुलैला अतिक्रमणं हटवायचा सरकारी आदेश निघाला. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात लिहिलेला आहे. हटवायला येणारे तो वाचून दाखवत नाहीत!

सातबारा नाही म्हंजे पीककर्ज नाही, अनुदानाचं बियाणं नाही, शेततळं नाही. आता बघा गंमत. हलक्या रानात तगणारी तूर विज्ञानानं काढली. गावातलं सगळ्यात हलकं रान आपल्या माणसाकडं. आणि त्या दोघांची गाठच पडत नाही.

बाबासाहेबांनी हे कधीच ओळखलं होतं. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. खरा रोग तुकड्याच्या आकारात नाही, जमिनीवर लावायला भांडवल आणि साधनं नाहीत ह्यात आहे, असं त्यांनी मांडलं. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये तर थेट मागणी केली: जमीन सरकारची, कसणं सामुदायिक, जातपात न बघता वाटप, आणि पाणी, जनावरं, अवजारं, खत, बी पुरवायची जबाबदारी सरकारची. म्हंजे बी आणि जमीन त्यांनी एकाच कलमात बांधली. आपण ती सोडवून बसलोय. मोर्चात जमीन मागतो, विज्ञान शिकलेल्यांवर सोडून देतो.

तेव्हा मागण्या तीन. कसणाऱ्याच्या नावावर गायरान करा. विद्यापीठानं प्रात्यक्षिकाचे प्लॉट बागायतदाराच्या रस्त्याकडेच्या शेतातच नाही, गायरानावरही घ्यावेत. बियाणं देताना कब्जा आणि कसणूक बघावी, नुसता उतारा नको.

आणि काम एक, ते आपलं. मे महिन्यात गावी जाल तेव्हा रानात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्हीच्या आकाराचा खड्डा घ्या. कडेची माती तासून काढा, सावलीत वाळवा, एकत्र कालवा. चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. ती पिशवी घेऊन माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत जा. ते गट नंबर विचारतील, खातेदाराचं नाव विचारतील. गायरानाचा नंबर सांगा आणि कसणाऱ्या आईचं, चुलत्याचं नाव सांगा. घेतलं तर रिपोर्ट हातात येईल. नाही घेतलं तर नकार लेखी मागा. तो कागद जपून ठेवा, पुढच्या मोर्चात लागेल.

जय भीम!