आपल्या समोरचा पेब



शेलूला राहायला आल्यापासून महिन्यातून एकदा तरी मी पेबला जातोच. लोकलने नेरळ, पुढे पायी. श्रावणात शेवाळलेला कातळ, भाद्रपदात सोनकीने पिवळे उतार, पौषात धुकं, वैशाखात करवंदं. माथ्यावर दत्ताच्या पादुका. पलीकडे शिडी उतरून गेलं, की १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचे रूळ लागतात.

गेल्या आषाढात शिडीच्या अलीकडे पाय घसरला. शेजारच्या विंगमधल्या मुलाने दंड धरला, म्हणून आज बोलतोय. तिथूनच आम्ही परत फिरलो. डोंगर कुठे पळत नाही. पावसात एकट्याने जाऊ नका. मला हाक मारा, मी येतो.